हिवाळ्यात गाडीने इंग्लंडच्या खेड्यांतून: रस्त्याखालचा इतिहास

डिसेंबर जवळ आला की इंग्लंडात ऑनसाइट आलेल्या आपल्या मंडळींमध्ये एकच चर्चा सुरू होते. कोड फ्रीझ लागलेला असतो, क्लायंटची अर्धी टीम सुट्टीवर गेलेली असते, आणि हातात चार-पाच दिवस पडलेले असतात. लंडन बघून झालेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, "चला, गाडी भाड्याने घेऊ आणि खेड्यांतून फिरून येऊ." त्यावर लगेच दुसरा म्हणतो, "या थंडीत? दिसणार काय आहे तिथे?"

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. आजचा लेख त्याच्यासाठीच.

आधी आकडे बघू. दक्षिण इंग्लंडात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. म्हणजे जेमतेम पावणेआठ तासांचा दिवस. भर दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंशांवर असतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. थोडक्यात, इंग्लंडच्या हिवाळ्यात दिवसभर आपल्याकडची संध्याकाळ असते. सावल्या लांबच लांब.

आता गंमत अशी, की इतिहास बघायला हाच प्रकाश सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात सगळं हिरवं आणि झाकलेलं असतं. हिवाळ्यात झाडांची पानं गेलेली, गवत बसलेलं, आणि तिरपं ऊन. जमिनीवर अर्धा फूट उंचवटा असला तरी त्याची सावली पडते. आणि इंग्लंडचा ग्रामीण इतिहास नेमका त्या अर्ध्या फुटात लिहिलेला आहे. तेव्हा सहलीचा बेत आखता आखता तो वाचू या.

बेत

माझा सुचवलेला मार्ग असा. पहिला दिवस: लंडनहून एम४० ने ऑक्सफर्ड, तिथून ए४४ ने चिपिंग नॉर्टन, आणि मुक्काम मोर्टन-इन-मार्श किंवा स्टो-ऑन-द-वोल्डला. दुसरा दिवस: ए४२९ धरून नॉर्थलीच आणि सायरनसेस्टर. तिसरा दिवस: लेकॉक करून बाथ. चौथा दिवस: स्टोनहेंज, आणि ए३०३ ने परत लंडन. एका दिवसात पन्नास-साठ मैलांपेक्षा जास्त नाही, फक्त जाण्या-येण्याचे दिवस थोडे लांब. उजेड पावणेआठ तास असताना याहून जास्त ठरवलं तर सहल अंधारातच होते.

हे सगळं गाडीनेच का? कारण रेल्वे तिथे राहिलीच नाही. २७ मार्च १९६३ रोजी डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तोट्यातली रेल्वे वाचवायची म्हणून त्यांनी सुमारे ५,००० मैल लोहमार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली. त्यातली बहुतेक खरोखरच बंद झाली. आपल्या वाटेवर ॲडलस्ट्रॉप नावाचं छोटं गाव आहे. तिथलं स्टेशन १९६६ साली गेलं. गाडी आजही त्याच रुळांवरून धडधडत जाते, फक्त थांबत नाही. मोर्टन आणि किंगहॅम ही दोन स्टेशनं वाचली. बाकी गावांत पोचायचं तर चारचाकी हवी. म्हणजे आपण ज्याला 'निवांत ड्राइव्ह' म्हणतो, तो त्या गावातल्या म्हातारीसाठी डॉक्टरकडे जायचा एकमेव मार्ग आहे. हे लक्षात ठेवून तिच्या दारासमोर गाडी लावू नये, इतकंच.

रस्त्यांचे नंबर

आपल्या धंद्यातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट. इंग्लंडातल्या रस्त्यांच्या नंबरांत एक डिझाइन आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नंबर दिले गेले. लंडनपासून निघणारे मुख्य रस्ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचे: ए१ एडिंबराला, ए२ डोव्हरला, ए३ पोर्ट्समथला, ए४ बाथकडे, ए५ हॉलीहेडला आणि ए६ उत्तरेला कार्लाइलकडे. दोन मुख्य रस्त्यांमधला प्रदेश म्हणजे एक विभाग, आणि त्या विभागातल्या रस्त्यांचा पहिला आकडा तोच. म्हणजे ए४४ आणि ए४२९ हे ए४ आणि ए५ यांच्या मधले. ए३०३ हा ए३ आणि ए४ यांच्या मधला. नंबर बघितला की आपण साधारण कुठल्या फाकेत आहोत ते कळतं. शंभर वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना, कोणीतरी बसून केलेलं हे प्रीफिक्सचं काम अजून चालू आहे. इतकी टिकाऊ स्कीम आपण तरी कधी लिहिली आहे का?

पण नंबर नवे, रस्ते जुने. आणि कुठला रस्ता किती जुना ते गाडीत बसूनही ओळखता येतं. ढोबळ खुणा सांगतो.

रस्ता टेकडी-बिकडीची पर्वा न करता मैलोन्‌मैल सरळ जात असेल, तर तो बहुधा रोमन. रस्ता अरुंद, वाकडातिकडा आणि दोन्ही बाजूच्या शेतांपेक्षा खाली खचलेला असेल, तर तो शेकडो वर्षं पायांनी, चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने घासलेला जुना गावरस्ता. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना गवताच्या रुंद पट्ट्या, आणि मध्येच काटकोनात वळण असेल, तर तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नकाशावर पट्टी ठेवून आखलेला 'एन्क्लोजर' रस्ता. त्याबद्दल पुढे. आणि रस्त्याला अगदी खेटून एखादं छोटं घर, त्याचा दर्शनी भाग पुढे आलेला, दोन्ही बाजूला खिडक्या, असं दिसलं, तर तो टोलनाका.

होय, टोलनाके. आपल्याला वाटतं ते एक्सप्रेसवेबरोबर आले. इंग्लंडात पार्लमेंटने पहिली परवानगी दिली १६६३ मध्ये, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे 'टर्नपाइक ट्रस्ट' निघाले: स्थानिक मंडळींनी कर्ज काढायचं, रस्ता दुरुस्त करायचा आणि टोल वसूल करायचा. १८३० च्या दशकात असे हजारावर ट्रस्ट होते आणि वीस हजार मैलांहून अधिक रस्ते त्यांच्याकडे होते. या रस्त्यांमुळेच २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर या माणसाने ब्रिस्टल-बाथ-लंडन अशी पहिली टपालगाडी पळवली. दुपारी चारला ब्रिस्टलहून निघून सकाळी आठला लंडन. १६ तास! त्या काळी हा चमत्कार होता. वाटेवरच्या ज्या जुन्या हॉटेलांना मध्यभागी उंच कमान असते, ती या गाड्या घोड्यांसकट आत घेण्यासाठी. आज त्या कमानीतून आपण आपली छोटी हॅचबॅक आत घालतो.

नाताळाच्या शुभेच्छापत्रांवर बर्फातून जाणारी घोडागाडी असते ना? त्यामागचं वास्तव फारसं गोड नव्हतं. १८३६ च्या नाताळात इतका बर्फ पडला की देशभर टपालगाड्या जागोजागी रुतल्या. त्याच वादळात, २७ डिसेंबरला, ससेक्समधल्या लुइस गावात टेकडीवरचा बर्फ घरांवर कोसळून आठ माणसं मेली. पाच वर्षांनी, १८४१ मध्ये, लंडन ते ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि टपालगाड्या, ट्रस्ट, खानावळी सगळं बसलं. रस्त्यांवर अक्षरशः गवत उगवलं. ते परत जागे झाले ते सायकली आणि मोटारी आल्यावर. त्यातही १८६५ च्या कायद्याप्रमाणे यांत्रिक गाडीला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा होती, आणि पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. १८९६ मध्ये ही कटकट गेली.

फॉस वे

मोर्टन-इन-मार्शचा मुख्य रस्ता रुंद आणि सरळ आहे. कारण तो रोमन आहे. याचं नाव फॉस वे. इ.स. ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि थोड्याच काळात हा रस्ता तयार झाला: नैर्ऋत्येला एक्सिटरपासून ईशान्येला लिंकनपर्यंत, साधारण २३० मैल. त्यातल्या लिंकन ते इल्चेस्टर या १८२ मैलांत तो सरळ रेषेपासून सहा मैलांहून जास्त कुठेच हलत नाही. जीपीएस नाही, नकाशा नाही, आणि ही अचूकता.

मोर्टन ते सायरनसेस्टर या पट्ट्यात ए४२९ याच रस्त्यावर बांधलेला आहे. आपण ताशी ५० मैलांनी जातो तो मार्ग दोन हजार वर्षांपूर्वी सैनिकांनी पायी तुडवलेला. लेगसी सिस्टीम म्हणतात ती ही! कोणी काढून टाकायची हिंमत केली नाही, फक्त वर नवे थर चढवत गेले. सायरनसेस्टरचं रोमन नाव कोरिनियम, आणि ते रोमन ब्रिटनमधलं लंडनखालोखाल मोठं शहर होतं. तिथलं कोरिनियम म्युझियम छोटं पण बघण्यासारखं आहे. थंडीच्या दिवशी ते उबदारही असतं, हा जास्तीचा फायदा.

सायरनसेस्टरच्या पुढे फॉस वे डांबर सोडून शेतातून मातीची वाट बनून जातो. तिथे भाड्याची गाडी घालू नका. चालत अर्धा मैल जाऊन या.

मेंढ्या आणि माणसं

या भागाला कॉट्सवोल्ड्स म्हणतात. मधासारख्या पिवळ्या दगडाची घरं, दगड रचून केलेले बिनगाऱ्याचे बांध आणि गावाच्या मानाने अवाढव्य चर्चं. नॉर्थलीचसारख्या लहानशा गावात एवढं मोठं चर्च कशाला, हा प्रश्न पडतोच. उत्तर आहे: लोकर.

मध्ययुगात इंग्लंडची सगळ्यात मोठी निर्यात लोकर होती आणि कॉट्सवोल्ड्सच्या मेंढ्यांची लोकर युरोपभर नावाजलेली. व्यापारी गब्बर झाले आणि पुण्य म्हणून त्यांनी चर्चं बांधली. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये जमिनीवर या व्यापाऱ्यांच्या पितळी प्रतिमा आहेत. जरा वाकून बघा: त्यांच्या पायाखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरलेली आहेत. पैसा कुठून आला हे लपवायची त्यांना गरज वाटली नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अध्यक्षांचं आसनसुद्धा 'वूलसॅक', म्हणजे लोकरीचं पोतं. १९३८ मध्ये ते दुरुस्तीला उघडलं तर आत निघाले घोड्याचे केस!

आता गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि एखाद्या कुरणाकडे तिरप्या उन्हात बघा. गवताखाली लांबच लांब समांतर उंचवटे दिसतील. शेतकऱ्याच्या घरचा कोणी बरोबर असेल तर लगेच म्हणेल, "अरे, हे तर सरी-वरंबे!" अगदी बरोबर. ही मध्ययुगीन शेतं आहेत. गावाची दोन-तीन मोठी उघडी शेतं असत, आणि त्यात प्रत्येक कुटुंबाचे लांब पट्टे. आठ-आठ बैल जोडलेला नांगर टोकाला वळवायला जागा लागते, म्हणून हे पट्टे थोडे उलट्या एस अक्षरासारखे वाकलेले. एकाच दिशेने माती पलटत गेल्याने वरंबे चढत गेले. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथे गहू आणि बार्ली होती. आज गवत आहे, म्हणूनच ते वरंबे टिकले. जिथे नांगर चालू राहिला तिथे ते पुसले गेले.

म्हणजे हे वरंबे काय सांगतात? इथे शेती थांबली. का थांबली? १३४८-४९ च्या प्लेगमध्ये माणसं मेली, मजूर महागले, आणि जमीनमालकांना गणित सापडलं: शेतीला पन्नास माणसं लागतात, मेंढ्यांना एक धनगर आणि एक कुत्रा पुरतो. इंग्लंडात अशी ओस पडलेली सुमारे ३,००० गावं अभ्यासकांनी शोधली आहेत. काही प्लेगने संपली, पण पुष्कळशी नंतर मेंढ्यांसाठी रिकामी केली गेली. मेंढ्याच आता माणसांना खाऊ लागल्या आहेत, अशा अर्थाची तक्रार टॉमस मोरने १५१६ मध्ये 'युटोपिया'त केली ती यावरच.

आणि पुढचा टप्पा कायद्याने झाला. गावाची सामाईक जमीन असायची. आपलं गायरान म्हणा ना. तिथे गरिबाची गाय चरायची, सरपण मिळायचं, चार बदकं पाळता यायची. पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक 'एन्क्लोजर' विधेयकं केली आणि ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. इंग्लंडच्या एक पंचमांशाहून जास्त भाग. कमिशनर यायचे, नकाशा काढायचे, वाटणी करायचे. ज्याच्याकडे हक्काचा कागद, त्याला तुकडा. ज्याच्याकडे नुसती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, त्याला बहुतेक वेळा काहीच नाही. काटकोनात वळणारे ते सरळ रस्ते याच कमिशनरांनी आखले. उत्तरेला वॉरिकशायरकडे काटेरी झुडपांची कुंपणं दिसतात आणि कॉट्सवोल्ड्समध्ये दगडी बांध. दोन्ही कॅलेंडरवर फार सुंदर दिसतात.

बाजू दुसरीही आहे, ती सांगायला हवी. कुंपणं घातल्यावर पीक वाढलं, चांगल्या जातीची जनावरं पैदा झाली, आणि वाढत्या शहरांना अन्न मिळालं. पण हिशेबात ज्याची गाय गेली तो नफ्याच्या रकान्यात कुठेच नव्हता. तो गेला मजुरीला, नाहीतर मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या कारखान्यात. आपल्याकडे गायरानावरून गावोगाव जे तंटे चालतात, ते ज्याने बघितले आहेत त्याला हे कुंपण नुसतं 'सीनरी' म्हणून बघता येणार नाही.

डेल्सफर्डचा शेजारी

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. स्टोच्या पूर्वेला चार-एक मैलांवर डेल्सफर्ड नावाचं खेडं आहे. आज ते सेंद्रिय मालाच्या महागड्या फार्म शॉपसाठी प्रसिद्ध आहे. पण तिथल्या चर्चच्या आवारात एक साधा दगडी कलश आहे. तो वॉरन हेस्टिंग्जचा.

हो, तोच. शाळेच्या पुस्तकातला. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल.

हेस्टिंग्ज घराण्याची डेल्सफर्डची जहागीर १७१५ मध्ये विकली गेली होती. वॉरन १७३२ मध्ये जवळच्याच चर्चिल गावात जन्मला आणि गरिबीत वाढला. मोठा होऊन डेल्सफर्ड परत घेईन, असा त्याने सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी निश्चय केला, अशी गोष्ट सांगतात. पुढे तो कंपनीत कारकून म्हणून हिंदुस्थानात गेला, आणि १७८८ मध्ये त्याने डेल्सफर्ड खरोखर विकत घेतलं.

या दोन तारखांच्या मध्ये आपला इतिहास आहे. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवायच्या नादात ते युद्धात उतरले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांनी आणि पुण्याच्या फौजांनी त्यांना असं कोंडीत पकडलं की नाक मुठीत धरून तह करावा लागला. कलकत्त्याहून हेस्टिंग्जने तो तह मानायला नकार दिला, फौजा पाठवल्या, आणि शेवटी १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. रघुनाथरावांना पेन्शन मिळालं, मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षं शांतता राहिली, आणि साष्टी मात्र इंग्रजांकडेच गेली. साष्टी म्हणजे काय? आजचं वांद्रे, अंधेरी, बोरिवली, ठाणे! विरार फास्टमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाचं डेल्सफर्डच्या या शांत आवाराशी असं नातं आहे.

त्याच १७८८ मध्ये लंडनला हेस्टिंग्जवर महाभियोग सुरू झाला. हिंदुस्थानातल्या कारभारातले जुलूम आणि भ्रष्टाचार हे आरोप. सात वर्षं खटला चालला, एप्रिल १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला, पण खर्चाने धुऊन निघाला. कंपनीने पेन्शन दिलं म्हणून घर वाचलं. उरलेलं आयुष्य तो इथे शेती करत राहिला. भूतानहून पाठवलेला एक याकसुद्धा त्याच्याकडे होता. जॉर्ज स्टब्जने काढलेलं त्याचं चित्र आजही आहे. २२ ऑगस्ट १८१८ रोजी हेस्टिंग्ज वारला. त्याच वर्षी, ३ जूनला, दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपवली होती. (त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज हे वेगळे बरं का. नावामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो.)

डेल्सफर्डपासून पाच-सहा मैलांवर सेझिनकोट आहे. कॉट्सवोल्ड्सच्या कुरणात अचानक तांब्याचा घुमट आणि मुघली कमानी! कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, १८०५ च्या सुमारास हे घर बांधलं. डेल्सफर्डचा वास्तुकारही हाच सॅम्युअल. हिंदुस्थानची चित्रं काढणाऱ्या टॉमस डॅनियलने बागेला मदत केली. १८०७ मध्ये युवराज बघून गेला आणि ब्रायटनचा तो प्रसिद्ध महाल पुढे याच धर्तीवर उभा राहिला. डेल्सफर्डचं घर खाजगी आहे, आणि सेझिनकोट हिवाळ्यात आतून बघता येत नाही, बागेच्या तारखा पाहूनच जा. पण नॉर्थलीचच्या व्यापाऱ्यांनी पायाखाली मेंढी कोरून घेतली, तसा या मंडळींनी घराच्या डोक्यावर घुमट चढवला. पैसा कुठून आला याची पावतीच ती.

अंधार, धुकं आणि मीठ

आता चालवण्याबद्दल, कारण तिथेही इतिहास आहेच.

भारताचं लायसन्स पाहुण्याला इथे १२ महिने चालतं, आणि गाडी डावीकडूनच. १८३५ च्या कायद्याने इथे डावी बाजू पक्की झाली आणि आपल्याकडे ती यांच्यामुळेच आली. गावाबाहेर पांढऱ्या गोलावर तिरपी काळी रेघ दिसली तर 'मर्यादा नाही' असा अर्थ नसतो. दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैल असा असतो, आणि अरुंद वळणावर त्याच्या निम्मंसुद्धा जास्त होतं. मोटरवेवर ७० ची मर्यादा आली तीच मुळी हिवाळ्यामुळे. १९६५ च्या नोव्हेंबरात धुक्यात भीषण अपघात झाले, आणि २२ डिसेंबरपासून ती प्रयोग म्हणून लावली. १९६७ मध्ये ती कायम झाली.

रात्री रस्त्याच्या मधल्या रेषेवर मांजराच्या डोळ्यांसारखे चमकणारे काचेचे मणी दिसतील. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. महायुद्धात ब्लॅकआउट झाला आणि दिव्यांशिवाय वाट दाखवणारे हे मणी देशभर बसले. थंडीच्या रात्री मोठ्या रस्त्यांवर मीठ फेकत जाणारे ट्रक दिसतात. त्यातलं बरंचसं मीठ चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. १८४४ पासूनची खाण ती. छोट्या गावरस्त्यांवर मात्र मीठ पडतंच असं नाही, म्हणून सकाळी दहाच्या आधी तिकडे जाऊ नका. सावलीतल्या वळणावर न दिसणारा काळा बर्फ असतो.

बर्फाच्या गोष्टी निघाल्या की जुनी मंडळी १९६२-६३ चा हिवाळा काढतात. २६ डिसेंबरला बर्फ सुरू झाला, तो मार्चपर्यंत वितळला नाही. १७४० नंतरचा सगळ्यात थंड हिवाळा. नैर्ऋत्य भागातली खेडी दिवसचे दिवस तुटली. आणि पुढच्याच वसंतात बीचिंगचा अहवाल आला!

२५ डिसेंबरचं नियोजन वेगळं करा. त्या दिवशी रेल्वे नसते, आणि २००४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायला बंदी आहे. तेव्हा टाकी आणि डबा दोन्ही २४ लाच भरा. थालीपीठाचं पीठ आणि लोणचं बरोबर असेल तर राजासारखे राहाल. याच देशात १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ हा सणच रद्द केला होता, तो राजा परतल्यावर १६६० मध्ये परत आला, हे सांगून खरं वाटणार नाही.

शेवटचे दोन दिवस

लेकॉक हे अख्खं गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथल्या ॲबीत ऑगस्ट १८३५ मध्ये फॉक्स टॅल्बटने एका खिडकीचा टपालाच्या तिकिटाएवढा फोटो घेतला. आज टिकून असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह तीच. बाथला रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी ४६ अंश तापमानाने जमिनीतून वर येतं. थंडीत त्यावर वाफ तरंगते, आणि रोमन लोक इथे का रमले ते एका नजरेत कळतं.

आणि स्टोनहेंज. सगळे उन्हाळ्यातल्या सूर्योदयाला गर्दी करतात. पण त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त आहे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची ढीगभर हाडं सापडली. दातांवरून कळलं की त्यातली बरीच साधारण नऊ महिन्यांची असताना मारली होती. वसंतात जन्मलेलं पिल्लू नऊ महिन्यांचं कधी होतं? ऐन हिवाळ्यात. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक लांबून इथे जमायचे ते याच दिवसांत, दिवस मोठा व्हायला लागला म्हणून जेवायला. १९१५ मध्ये ही जागा लिलावात ६,६०० पौंडांना सेसिल चब यांनी घेतली आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकली. शेजारून जाणारा ए३०३ बोगद्यात घालायची योजना सरकारने २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकून फुकटात दर्शन घ्यायची सोय अजून आहे.

तर 'थंडीत दिसणार काय' या प्रश्नाचं उत्तर हे. उन्हाळ्यात दिसतं ते इंग्लंडने स्वतःबद्दल सांगितलेलं चित्र: सनातन, शांत, कधीच न बदललेलं खेडं. हिवाळ्यात पानं गळली की त्यामागचा हिशेब दिसतो. कुठली जमीन कोणाकडून गेली, कुठलं चर्च कशावर उभं राहिलं, कुठलं घर कुठल्या मुलखाच्या पैशावर. तो हिशेब माहीत असला म्हणून गावं कमी सुंदर दिसत नाहीत. उलट ती खरी वाटायला लागतात, आपल्या गावांसारखी.

गाडी डिसेंबरात महाग मिळते, बुकिंग ऑक्टोबरातच करा. आणि दुपारी साडेतीनला मुक्कामाच्या दिशेने वळा. रस्ते दोन हजार वर्षं तिथेच आहेत, उरलेलं दुसऱ्या दिवशी बघता येईल.